सूर लावणारा

किल्ली फिरवतो केसभर, त्याहूनही कमी,
आणि कान देतो.
दोन तारा जवळजवळ एका सुरात आल्या
की त्यांच्यामध्ये काहीतरी डुलायला लागतं,
व्वाँ… व्वाँ… व्वाँ…
ते डुलणं लांबवत न्यायचं,
लांबवत लांबवत मोडायचं.
एवढंच माझं काम. बत्तीस वर्षं.

आणि नेमका तेव्हाच
गिनोवानच्या छपरांवरून तो येतो.

आधी खिडकीच्या काचेला कळतं.
मग फळ्याखालच्या खडूंना.
मग मला.
शेजारच्या वर्गात कियान बाई वाक्य अर्ध्यात ठेवतात,
"नदीच्या पलीकडे एक —"
बोट पुस्तकात, तोंड किंचित उघडं,
जणू दारात पाहुणा आहे आणि निघायचं नाव घेत नाही.
मैदानातली पोरं सिमेंटच्या आडोशाखाली पळतात,
हसत, ढकलत, कंटाळून.
चेंडू तेवढा उन्हात राहतो.

मी किल्ली मांडीवर ठेवून बसतो. मोजतो.
सत्तेचाळीस सेकंद. परवा बावन्न होते.
माझी मजुरी तासावर नाही, पियानोवर आहे;
हे सेकंद कुणाच्या खात्यात टाकायचे
ते संरक्षण कार्यालयाच्या माणसानं सांगितलं नाही.
खिडक्या मात्र त्यानं दुहेरी करून दिल्या.
बंद ठेवा म्हणाला, उन्हाळ्यातसुद्धा.
आणि बाहेरचा कारल्याचा वेल?
तो कसा बंद ठेवायचा?

नागिसा नावाची एक मुलगी आडोशाला न जाता आत आली.
डावीकडच्या पट्ट्यांवर एकेक बोट दाबत गेली
आणि एका जागी थांबली.
"दोन पंख्यांचा आहे ना, तो इथे राहतो."
मी ऐकलं. खरंच राहत होता.
मग तो लांब जायला लागला, आवाज घसरला,
आणि तिनंही बोट
एक पट्टी खाली सरकवलं.

घरी योशिए तिच्या भावाच्या कर्जाचं सांगत असते.
मध्येच थांबते. मीही घास हातात धरून थांबतो.
मग ज्या अक्षरावर सोडलं
त्याच अक्षरावरून ती पुढं निघते, चूक नाही.
वादळाच्या दिवसांत ते उडत नाहीत.
वारा असतो, छपरावरची टाकी धडधडते,
पण ते नसतात.
त्या दिवशी आमचं हमखास भांडण होतं.
वाक्यं शेवटापर्यंत जातात ना.

वडिलांची कबर कुंपणाच्या आत राहिली.
वर्षातून एकदा जातो :
अर्ज, शिक्का, गाडीचा नंबर,
माणसं किती, डबे किती.
चटई पसरतो, डुकराचं मांस वाढतो,
दारूचा पहिला पेला त्यांच्यापुढं ओततो.
यंदा गवतापलीकडं दोघं उभे होते, नुकतेच उतरलेले,
पाती खाली लोंबलेली.
आणि थंड होणाऱ्या लोखंडाची टिकटिक,
चुलीवरून उतरवलेल्या तव्यासारखी.
हा आवाज मी कधी ऐकला नव्हता.
एक पोरगा चाकाच्या सावलीत संत्रं सोलत होता,
कानांवर जाड झाकणं.
आम्ही कबरीशी मोठ्यानं बोललो,
म्हाताऱ्याला कमी ऐकू यायचं.
पोरग्यानं मान वर केली नाही.

शाळेचा पियानो आज पुरा झाला.
नागिसाची ती पट्टी शेवटी ठेवली होती.
किल्ली लावली. काढली. पुन्हा लावली.
थोडी उतरलेलीच सोडली,
म्हणजे तो परत आला
तर त्याला जागा सापडायची नाही.
कागदावर लिहिलं : ठीक. तोकाशिकी.

बाहेर पडताना पुढच्या वर्गात तोच धडा चालू होता :
"नदीच्या पलीकडे एक गिरणी होती."

सकाळपासून मी तिथं
झाड धरून चाललो होतो.